भरतची ओळ

“हात धुऊन आलास का?” मगदूम सरांनी विचारलं.

“सर, मी जेवायला नाही आलो. मशीन बघायला आलोय.”

“म्हणूनच विचारतोय. हात न धुता कुणी हात लावलेला भरतला चालत नाही.”

भरत म्हणजे भरतेश, सरांचा मुलगा. अकरावीत असताना तो काविळीनं गेला, त्याला तेव्हा तीसच्या वर वर्षं होऊन गेली होती. सबंध जयसिंगपूरला हे ठाऊक. तरी सर ‘चालत नाही’ म्हणाले, ‘चालायचं नाही’ असं म्हणाले नाहीत. मी गुमान मोरीवर गेलो, साबण लावून हात धुतले आणि परत आलो.

भर दुपार होती, पण त्या खोलीत उजेड कमीच. एक टेबल, त्यावर छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, शेजारी टेपरेकॉर्डर आणि भरतकाम केलेल्या रुमालाखाली झाकलेलं मशीन. भिंतीवर फोटो होता. काडीसारखा पोरगा, जाड चष्मा, हातात बक्षिसाची ढाल. टेबलावर धुळीचा कण नव्हता. खुर्चीच्या पाठीला शाळेचा स्वेटर अडकवलेला होता, आणि तोही धुतलेला. आता येऊन कुणी अंगात घालील, असा.

सरांनी रुमाल हळूच उचलला, झोपलेल्या पोराच्या तोंडावरचं पांघरूण उचलावं तसा.

“हे बघ. चालू होईल का?”

काळं, जाड पुस्तकाएवढं, रबरी बटणांचं मशीन. नाव ‘विद्या’. शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराला असली मशीनं घरात घ्यायची टूम निघाली होती. टीव्हीला जोडायचं, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची, कॅसेटमधून कर्कश्श आवाज येतो तोच प्रोग्रॅम, तो मशीन गिळतं आणि मग चालवतं. ही ‘विद्या’ बनवणारी कंपनी जेमतेम तीन वर्षं टिकली होती. मी स्क्रू काढून आत बघितलं. आतली पट्टी गंजून हिरवी झालेली, निम्म्या चिपा जळलेल्या.

“सर, हे गेलंय,” मी म्हणालो.

सर नुसते फोटोकडं बघत राहिले. माझं हे असंच, तोंडात येईल ते बोलून जायचं. दारात त्यांची मुलगी त्रिशलाक्का चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी लगेच सारवासारव केली.

“म्हणजे जुनं गेलंय. पण मी याच डब्यात, याच बटणांखाली तेच मशीन पुन्हा उभं करू शकतो. अगदी तसंच. म्हणून तर तुम्ही मला बोलावलं ना?”

“हो,” सर म्हणाले. “ऐक. भरतनं त्यात एक खेळ केला होता. पुण्याला स्पर्धेत पहिला आला. मशीन माणसाशी मराठीत बोलायचं. मी कधी वाचलं नाही. त्या वेळी मी फक्त ‘बंद कर ते खूळ, अभ्यासाला बस’ एवढंच म्हटलं. तो गेला आणि मग मी मशीन लावलं, तर नुसत्या रेषा. आता मिरजेचे डॉक्टर म्हणतात, काचबिंदूनं नजर दिवाळीपर्यंत राहिली तर राहिली. मला एकदा वाचायचंय तो काय बोलायचा ते. त्याचं म्हणून एवढंच उरलंय बघ.”

चहा ठेवून त्रिशलाक्का आत गेली. भरतपेक्षा ती तीन-चार वर्षांनी मोठी. लग्न केलं नव्हतं. आई भरतमागं लवकरच गेली, तेव्हापासून घर, आप्पा म्हणजे सर, आणि गल्लीतल्या पोरांच्या गणिताच्या शिकवण्या, एवढंच तिचं जग. कॅसेट तिनंच आणून दिली. वर निळ्या शाईत ‘भरतेश’ लिहिलेलं होतं.

आता माझं सांगतो. माझं नाव शीतल चौगुले. आमच्या जैनांत शीतल हे पुरुषाचं नाव असतं, शीतलनाथ तीर्थंकरांवरून. पण हे मिरजेच्या पलीकडं कुणाच्या बापाला माहीत नसतं. पुण्याकडचे लोक फोनवर मला हमखास मॅडम म्हणतात. आणि शीतल ते नुसतं नावात, डोकं कायम तव्यावर. धंदा म्हणाल तर इचलकरंजीच्या यंत्रमागांना लागणारी कंट्रोल कार्डं दुरुस्त करायचा. त्यातून वेळ उरला की जुनी मशीनं पुन्हा जिवंत करायची, हे माझं व्यसन.

त्यासाठी एक चिप मिळते, एफपीजीए म्हणतात. ती कोरी असते. तू अमुक मशीनचं काळीज आहेस, तुझी ही तार इथं, ती तार तिथं, असं तिला सगळं लिहून सांगायचं, की ती तशी होते. मग तिला आपण कोण होतो ते आठवतही नाही. लोक म्हणतात, एवढी यातायात कशाला, मोबाईलवरसुद्धा जुने खेळ चालतात. चालतात, पण ते सोंग. माझ्या चिपेत जुनं मशीन सोंग करत नाही, ते पुन्हा जन्माला येतं. आणि त्यात मी हयातभर एक नेम पाळला होता. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. जुन्या मशीनला खोड असेल तर तीही जशीच्या तशी. ‘विद्या’ची खोड अशी, की स्क्रीनवर अक्षरं उमटत असताना तिचा आवाज अडखळायचा. तो अडखळता आवाज मिळवायला मला आठवडा लागला, आणि मिळाला तेव्हा मी एकटाच वर्कशॉपमध्ये हसलो.

मग कॅसेट लावली. प्रोग्रॅम आत उतरला. स्क्रीनवर इंग्रजी लिपीत मराठी उमटलं.

‘नाव काय?’

मी नाव टाकलं.

‘शीतल, मी एक आकडा धरलाय. ओळखा.’

मी आकडे टाकत गेलो. ‘त्याहून मोठा.’ ‘त्याहून लहान. डोकं चालवा.’ शेवटी आकडा सापडला, आणि मशीननं लिहिलं, ‘मी हरले.’

हरले? मी कपाळावर हात मारला. पुढचे दोन डाव खेळलो. ‘मी फसले.’ ‘मी दमले. येते.’ आणि खेळ बंद.

आता माझं डोकं कसं चाललं ते बघा. ‘हरलो’ पाहिजे, ‘हरले’ आलंय. म्हणजे शेवटच्या इंग्रजी ‘ओ’ या अक्षराचा ‘ई’ झालाय. मशीनच्या आत अक्षरं म्हणजे आकडे असतात आणि या दोन अक्षरांच्या आकड्यांत फक्त दोन बिटांचा, म्हणजे दोन शून्य-एकांचा फरक. म्हणजे माझ्या चिपेत कुठंतरी दोन बिटं गळतायत. सरळ हिशेब. मेमरी तपासली. ठीक. कॅसेट पुन्हा उतरवली. तेच. सगळ्या प्रोग्रॅमची छापील प्रत काढून ओळ न् ओळ वाचली, लाल पेनानं प्रत्येक चुकीच्या ‘ई’ला गोल केला. गंमत म्हणजे ‘ओळखा’मधला ‘ओ’ शाबूत. ‘मोठा’मधला ‘ओ’ शाबूत. फक्त ‘हरले’, ‘फसले’, ‘दमले’, ‘येते’ एवढ्यातच गळती. असला निवडक बिघाड मी जन्मात बघितला नव्हता. जेवणावरचं लक्ष उडालं. बायको म्हणाली, तुम्हाला झपाटलंय त्या मशीननं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. टेबलाजवळून जाताना मी त्याच्याकडं बघायचं टाळायला लागलो होतो.

अशाच एका दुपारी कुरियरच्या ऑफिसातून फोन आला. पार्सल येऊन पडलं होतं.

“फोन शीतल मॅडमना द्या,” पलीकडचा म्हणाला.

“मीच शीतल.”

“नाही, मॅडम म्हणाल्या होत्या, सकाळी येते म्हणून.”

“अहो, मॅडम कुणी नाही. मी म्हणालो होतो, येतो. येतो! बाप्या माणूस आहे मी. येते काय?”

फोन आपटला आणि समोर बघितलं. स्क्रीनवर तेच होतं. ‘मी दमले. येते.’

इतके दिवस मी बिटं वाचत होतो. मराठी वाचलंच नव्हतं. आता पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं. मी हरले. मी फसले. मी दमले. येते. एकही क्रियापद चुकलेलं नव्हतं. भरतेशच्या मशीनमध्ये एक बाई बोलत होती. भर दुपारी, बाहेर रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर जात होते, आणि खरं सांगतो, मी खुर्ची मागं सरकवली.

मग मगदूम सरांच्या घरी फोन लावला. त्रिशलाक्कानं उचलला.

“अक्का, मशीन होत आलंय. फक्त एक विचारायचं होतं. सर आहेत का? मी येऊ का घरी?”

तिनं आवाज खाली आणला. “घरी नको, शीतलभाऊ. मीच येते.”

ते ‘येते’ ऐकलं आणि मला सगळं कळलं.

ती आली, पदरानं घाम पुसत स्टुलावर बसली. मी छापील प्रत तिच्यापुढं ठेवली. लाल गोल बघून तिला हसू आलं.

“हे काय, चुका काढल्यात? आप्पा वह्यांत काढायचे तशा?”

“मला वाटलं बिघाड आहे.”

“बिघाड नाही तो. मी आहे ती.”

मग तिनं सांगितलं. मशीन भरतसाठी घेतलेलं. ती कॉलेजला गणित घेऊन दुसऱ्या वर्षाला होती, तिथून तिचं नाव काढून घेतलेलं, कारण स्थळं बघायला सुरुवात झाली होती. भरत शाळेत गेला की दुपारी घरात ती आणि मशीन. सोबत आलेलं पुस्तक वाचून ती शिकली. आणि खेळ लिहिला. बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मशीनलाच बोलतं केलं, म्हणाली.

“आणि स्पर्धा?”

“ती शाळा-कॉलेजात नाव असलेल्या मुलांसाठी होती. माझं नाव कुठल्या कॉलेजात होतं? भरतनं मागितला, मी दिला. त्यानं सगळीकडं ‘ओ’ करून घेतला, ती कॅसेट पुण्यालाच राहिली. ही माझी, वर नाव तेवढं त्याचं. बक्षीस मिळालं की आप्पांना सांगतो म्हणाला होता. सांगणारच होता तो, शीतलभाऊ, लबाड नव्हता. बक्षीस घेऊन आला तेव्हाच डोळे पिवळे दिसत होते.”

“मग नंतर तुम्ही का नाही सांगितलं?”

“कधी सांगायचं? तिरडीवर होता तेव्हा? का आई दिवसभर ती ढाल पोटाशी धरून बसायची तेव्हा? आपलेच दात, आपलेच ओठ. एक वर्ष गेलं की दुसरं वर्ष सांगण्यासारखं राहत नाही.”

मला संताप आला. कुणाचा ते सांगता येत नव्हतं, भरतचा, सरांचा, का तिचा. “एवढी वर्षं तुम्ही त्या फोटोपुढं उदबत्ती लावताय,” मी म्हणालो.

“लावते ना. माझा भाऊ होता तो.” मग तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. “आप्पांना दाखवायच्या आधी एवढं करून द्या. सगळीकडं ‘ओ’ करा.”

“नाही,” मी म्हणालो. “अक्का, रागावू नका. मी आहे ते परत करतो. आपल्या पदरचं घालत नाही. हे तुम्ही लिहिलंय, ते तसंच राहणार.”

“ते काय म्हणाले तुम्हाला, ऐकलं नाही? त्याचं म्हणून एवढंच उरलंय. ते काढून घेऊ त्यांच्याकडनं? डोळे जायच्या आधी शेवटचं काय वाचायला लावू, की इथंसुद्धा तुमचा पोरगा नाही?”

माझा हात पुढं होईना. ती माझ्याकडं बघून थांबली आणि मग म्हणाली, “बरं. मला बसू दे मशीनपुढं. तुम्ही जरा बाहेर जाऊन चहा पिऊन या.”

दारातून मी मागं वळून बघितलं. पन्नाशी ओलांडलेली बाई, चष्मा डोक्यावर सरकवलेला, आणि बोटं त्या रबरी बटणांवर न बघता चालत होती. मी कोपऱ्यावर दोन चहा प्यालो, मुद्दाम वेळ काढला. परत आलो तर ती पर्स काखेत मारून उभी होती.

“केलंत?” मी विचारलं.

“नाही केलं,” ती म्हणाली. “जमलं नाही. आपलंच लिहिलेलं, इतक्या वर्षांनी समोर आलं, खोडवेना हो. राहू दे. आप्पांना बारीक अक्षर दिसत नाही, मीच वाचून दाखवीन. वाचताना ‘ओ’ म्हणीन. कॅसेटवर पुन्हा उतरवून ठेवलंय, तीच लावा.”

रविवारी सकाळी मी मशीन घेऊन गेलो. सर आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. मंदिरात जाऊन आले होते, कपाळावर गंध होतं. मी टीव्ही जोडला, कॅसेट लावली. तो कर्कश्श आवाज सुरू झाल्याबरोबर सरांनी डोळे मिटले. आवाज थांबला.

“वाच,” ते मुलीला म्हणाले.

ती त्यांच्या खांद्याशी उभी राहिली. “नाव काय, असं विचारलंय.”

“मगदूम घाल.”

तिनं घातलं. “मगदूम, मी एक आकडा धरलाय. ओळखा.”

सर हसले. “बापाला आडनावानं हाक मारतोय.”

ते आकडे सांगत गेले, ती घालत गेली, वाचत गेली. ‘डोकं चालवा’ आलं तेव्हा सर मांडीवर थाप मारून म्हणाले, “बघ, बघ, कसा बोलतोय!” शेवटी आकडा जुळला. स्क्रीनवर ‘मी हरले’ उमटलं. तिनं वाचलं, “मी हरलो.” आवाज जरासुद्धा हलला नाही. पुढच्या डावाला, “मी फसलो.” तिसऱ्या डावाला, “मी दमलो. येतो.”

“येतो,” सर हळूच म्हणाले. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून भिंग काढलं. “सरक जरा. मला माझ्या डोळ्यांनी बघू दे.”

“आप्पा, डोळ्यांना ताण…”

“सरक.”

ते स्क्रीनला नाक लागेल इतके वाकले. भिंग एकेका अक्षरावरून सरकत गेलं. शेवटच्या अक्षरावर थांबलं, मागं गेलं, पुन्हा थांबलं. मी टेपरेकॉर्डरची वायर गुंडाळत बसलो, गरज नसताना.

“पुन्हा चालव,” ते म्हणाले. ती पुन्हा खेळली. या वेळी वाचून कुणीच दाखवलं नाही. ते भिंगातून एकेक वाक्य बघत होते. शेवटी सरळ बसले.

“मशीन चुकतंय आप्पा,” त्रिशलाक्का म्हणाली. “जुनं आहे ना. शीतलभाऊ पण म्हणत होते, दोन बिटं गळतायत.”

“आयुष्यभर वह्या तपासल्या मी,” सर म्हणाले. “चूक ही एखाद्या ठिकाणी तरी चुकते. ही सगळीकडं बरोबर आहे.” मग त्यांनी भिंग सदऱ्याला पुसलं. “मधल्या सुट्टीत मी जेवायला घरी यायचो. आतून मशीनचा हा अडखळता आवाज ऐकू यायचा. मी तुझ्या आईला विचारायचो, भरत घरी कसा? ती म्हणायची, तुम्हाला भास होतायत. आणि खरंच, तो तर शाळेत माझ्याच वर्गात डबा खात बसलेला असायचा.” ते मुलीकडं वळले. “तू होतीस.”

“हो आप्पा.”

“सगळं तू केलंस?”

सरांनी भिंग टेबलावर ठेवलं. त्यांचा हात स्वेटरच्या बाहीवर गेला आणि तिथंच राहिला. मला वाटलं, आता ते चिडतील. मी इतका तयार होतो त्यांच्या चिडण्याला. पण त्यांचा चेहरा नुसता रिकामा होत गेला, बघवेना.

“म्हणजे यात भरत नाहीच,” ते म्हणाले. “इतकी वर्षं मी पुसतोय, झाकतोय. आत कुणीच नव्हतं.”

“आहे आप्पा,” त्रिशलाक्का म्हणाली.

“राहू दे आता.”

“आहे म्हणते ना. त्यानं एक ओळ घातलेली होती, मला न विचारता. तुमच्यासाठी. तुम्ही मगदूम टाकायला सांगितलंत, म्हणून ती आली नाही. नाव विचारलं की आप्पा टाकायचं.”

तिनं मशीन पुन्हा सुरू केलं आणि बाजूला झाली. सरांनी स्वतः एकेक बटण शोधत ‘आप्पा’ टाकलं. आवाज अडखळला, अक्षरं उमटली. त्यांनी भिंग उचललं आणि शब्द शब्द लावत मोठ्यानं वाचलं.

“आप्पा, रागावू नका. पाच मिनिटांत अभ्यासाला बस… बसतो.”

शेवटच्या अक्षरावर भिंग थांबलं. ‘ओ’ होता.

“बसतो,” ते पुन्हा म्हणाले. “असंच म्हणायचा. रोज असंच म्हणायचा बघ. आणि बसायचा नाही.” आणि ते रडायला लागले. आधी हसत, मग नुसतेच.

मी मात्र ती ओळच बघत होतो. त्या प्रोग्रॅमची प्रत मी ओळ न् ओळ वाचली होती, लाल पेन घेऊन, आठवडाभर. त्यात ही ओळ नव्हती. मी चहा प्यायला गेलो होतो तेवढ्या वेळात ती आली होती. स्वतःचे ‘ई’ तिनं खोडले नव्हते, आणि मेलेल्या भावाला एक ओळ लिहून दिली होती.

सरांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं.

“शीतल, तू सगळं उघडून बघितलंयस. ही ओळ पहिल्यापासून होती ना?”

त्रिशलाक्का भिंतीकडं बघत होती. सर विचारत नव्हते, मागत होते. त्यांना सगळं कळलं होतं का नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. मास्तर माणूस, एका अक्षरावरून सगळं ओळखलेलं, त्याला हे ओळखता आलं नसेल?

“होती, सर,” मी म्हणालो. “पहिल्यापासून होती.”

त्यांनी मान हलवली. मग मुलीला हाक मारली, “त्रिशला.”

“आप्पा?”

“बाकीचं सगळं तुझं.”

“हो.”

“चांगलंय. क्रियापद एकही चुकलेलं नाही.”

ती पटकन आत निघून गेली. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येत राहिला, पाणी वाहत होतं आणि भांडं कुठलंच वाजत नव्हतं. सर आणि मी बसून राहिलो.

सरांची नजर त्या दिवाळीच्या थोडी आधीच गेली. तरी ते रोज सकाळी मशीनपुढं बसायचे, बोटांनी चाचपून ‘आप्पा’ टाकायचे आणि अडखळता आवाज ऐकून उठायचे. वाचून दाखवायला कुणाला बोलवायचे नाहीत. दोन वर्षांनी तेही गेले. बाराव्यानंतर त्रिशलाक्कानं मला बोलावलं. टीव्हीचं बटण नीट लागत नव्हतं म्हणून. दुरुस्त करून मी मशीन सुरू केलं, आणि हात आपसूक ‘आप्पा’ टाकून गेला. ओळ उमटली. इतके दिवस मनात होतं ते विचारून टाकलं.

“अक्का, आता ही काढायची का? आता कुणासाठी ठेवायची?”

ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून स्क्रीनकडं बघत राहिली.

“काढू नका,” ती म्हणाली. “रात्रंदिवस वाचून वाचून आता मलाही वाटायला लागलंय, ती त्यानंच लिहिलीय.”